गाऊनवर ओढणी

नेरळच्या गल्लीत वरात शिरली, की बेंजोच्या पहिल्या ठोक्याला गॅलऱ्या भरतात. कुणी गाऊनवर ओढणी टाकून येतं. ओढणी हाताशी लागली नाही, तर टॉवेल. काका बनियन-लुंगीवर, एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर फेस. यांना उघडं कोण म्हणेल? पण तयार होऊन आलेत, असंही नाही. या मधल्या अवस्थेला फ्रेंचमध्ये शब्द आहे, ‘देझाबिये’. सतराव्या शतकात तो इंग्रजीने उचलला, तिथे त्याचं ‘डिसबील’ झालं.

शब्द फ्रेंच, पण हा प्रसंग कालिदासाने कधीच रंगवून ठेवलाय! ‘रघुवंशा’च्या सातव्या सर्गात स्वयंवरानंतर अज आणि इंदुमती नगरात येतात आणि बायका खिडक्यांकडे धावतात. नगर कुठलं, तर आपल्या विदर्भातलं. एकीच्या उजव्या डोळ्यात काजळ आहे, डावा कोरा, आणि काजळाची काडी हातातच. दुसरी अळता लावणारीच्या हातून पाय सोडवून घेते आणि खिडकीपर्यंत लाल पावलं उमटवत जाते. तिसरीची नीवी सुटलेली. गाठ मारायला वेळ कुणाला, वस्त्र तसंच मुठीत धरून ती उभी. मेखला अर्धीच ओवून पळालेलीचे मणी तर पावलागणिक गळतात, शेवटी अंगठ्याशी नुसता दोरा उरतो.

कापड किती आहे, हा इथे प्रश्नच नाही. कोण बघतंय आणि कुठे, यावर सगळं ठरतं. गाऊन-ओढणी दारातल्या भाजीवाल्याला चालते, कर्जत लोकलला नाही.

काकांच्या बनियनची गोष्ट तर आणखी भन्नाट. पोर्तुगीज आपल्याकडच्या वाण्यांना ‘बनियान’ म्हणत. पुढे इंग्रजीत तेच नाव घरात घालायच्या सैल झग्याला चिकटलं. विग उतरवायचा, तासलेल्या डोक्यावर मऊ टोपी चढवायची, अंगात झगा, की साहेब निवांत. अठराव्या शतकातले श्रीमंत तर या वेषात हौसेने चित्रं काढून घेत. त्यांच्याही आधी, १६६६ मध्ये, रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस चित्रकारापुढे बसला तो ‘इंडियन गाऊन’ घालून. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तो अजून तसाच बसलाय, घरातून नुकताच उठून आल्यासारखा. तो गाऊन मात्र त्याने भाड्याने आणला होता.