पारध किती वेळां साधते?

शिकारीच्या गोष्टी आपण सर्वांनीं ऐकल्या आहेत. घरांतील एखादे वडीलधारे गृहस्थ रंगांत आले म्हणजे अमुक माळावर मिळालेले तितर, तमुक नाल्यांत उठलेला रानडुक्कर, अशा एकामागून एक हकीकती निघूं लागतात. ऐकणारास वाटतें कीं, यांनीं बंदूक खांद्यावर टाकावी आणि पांखरानें समोर येऊन पडावें, असाच सारा मामला असला पाहिजे. परंतु या हकीकतींतून एक भाग हटकून गळालेला असतो. ज्या दिवशीं कांहींच मिळालें नाहीं त्या दिवसाविषयीं कोणी बोलत नाहीं. कारण पहाटे उठलों, चार कोस चाललों, ऊन चढलें, परत आलों, एवढ्यांत ती गोष्ट संपते. आजच्या भाषणांत विचार करावयाचा आहे तो या न सांगितलेल्या दिवसांचा. शिकारी जितक्या वेळां घराबाहेर पडतो त्यांपैकीं किती वेळां त्याची पारध साधते, आणि किती वेळां तो रिकाम्या हातीं परततो?

प्रश्न वरवर पाहतां करमणुकीचा वाटेल. पण या एका प्रमाणावर पारध्याच्या घरची चूल अवलंबून असे, रानांतील पांखरांची संख्या अवलंबून असते, आणि या दोहोंविषयीं आपण जें मत बनवितों तेंही अवलंबून असतें. म्हणून हा हिशेब कसा करावा, हें प्रथम पाहूं.

हिशेब ठेवणाऱ्या शिकाऱ्यांत मोंगल बादशहा जहांगीर याचा क्रमांक फार वर लागेल. आपल्या आत्मचरित्रांत त्यानें इ. स. १५८० पासून आपल्या कारकीर्दीच्या अकराव्या वर्षापर्यंतच्या शिकारीचा आंकडा दिला आहे. त्याच्यासमक्ष २८,५३२ जनावरें व पांखरें मारलीं गेलीं. त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वतःच्या हातानें मारलीं. या स्वतः मारलेल्यांत ३,२०३ चतुष्पाद आणि १३,९६४ पक्षी होते. सुमारें छत्तीस वर्षांच्या या काळाची सरासरी काढली तर रोज एकाहून अधिक शिकार पडते. आंकडा मोठा खरा. परंतु बादशहा किती वेळां शिकारीस गेला हें या यादींत नाहीं. शिवाय हांके घालणारे शेंकडों लोक रान वेढून जनावरांना एका घेऱ्यांत आणीत, आणि मग बादशहा नेम धरी. अशा यादीवरून राजाचें वैभव कळतें, पण शिकार साधण्याचें प्रमाण कळत नाहीं. मिळालेलें वर लिहिलें, पण किती प्रयत्नांत मिळालें तें खालीं लिहिलेंच नाहीं, तर अपूर्णांक पुरा होत नाहीं.

याच जहांगिराच्या दरबारांत इ. स. १६१२ मध्यें गोव्याहून एक चमत्कारिक पक्षी आला. मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोव्याच्या बंदरांतून ज्या दुर्मिळ वस्तु आणल्या त्यांत हा पक्षी होता. बादशहास त्याचें नांव ठाऊक नव्हतें. मस्तींत आला कीं हा मोरासारखीं पिसें फुलवितो, आणि याच्या डोक्यामानेचा रंग क्षणाक्षणाला पालटतो, असें त्यानें कौतुकानें लिहून ठेविलें आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्याचें चित्र काढविलें. तो पक्षी म्हणजे टर्की. मूळचा अमेरिकेचा हा रहिवासी स्पॅनिश लोकांमार्फत युरोपांत गेला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यास लागला. आपल्याकडे तो पाळीवच राहिला. अमेरिकेंत मात्र त्याची रानटी जात अद्यापि आहे, आणि तिची शिकार करणारांची संख्या लक्षावधि आहे.

या टर्कीच्या शिकारीचें उदाहरण आपल्या प्रश्नास उपयोगी पडतें, कारण तेथें तिचा हिशेब राखण्याची व्यवस्था आहे. शिकाऱ्यास परवाना काढावा लागतो, हंगाम ठरलेला असतो, आणि पुष्कळ राज्यांत मारलेला पक्षी नोंदवावा लागतो. वसंत ऋतूंत मादीचा आवाज हुबेहुब काढून नराला जवळ बोलवावयाचें, ही या शिकारीची मुख्य रीति. इतकी युक्ति, उत्तम बंदुका आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असूनही बहुतेक राज्यांत निम्म्याहून अधिक शिकारी सारा हंगाम घालवून एकही पक्षी न मिळवितां घरीं परततात. येथें आणखी एक बारकावा ध्यानांत घेतला पाहिजे. समजा, तिघे शिकारी एका हंगामांत प्रत्येकीं पांच दिवस रानांत गेले आणि तिघांत मिळून एकाला एक पक्षी मिळाला. माणसांच्या हिशेबानें यश तिघांत एक. पण फेऱ्यांच्या हिशेबानें तें पंधरांत एक! दोन्ही आंकडे खरे, पण त्यांचा अर्थ अगदीं निराळा. म्हणून कोणी यशाचें प्रमाण सांगूं लागला कीं तें माणशीं, हंगामीं, कीं फेरीगणिक, हें विचारून घ्यावें.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. आपल्या रानांत टर्की नसला तरी त्याचे जवळचे आप्त पुष्कळ आहेत. मोर, तितर आणि लावा हे सारे त्याच्याच कुलांतले. जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत, पूर्णा नदीच्या खोऱ्यांत, केदारखेडा नांवाचें गांव आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. पुढें औरंगाबाद जिल्ह्यांत राहून १९८१ मध्यें झालेल्या नव्या जालना जिल्ह्यांत तो आला. काळी जमीन, मधून मधून मुरमाड माळ, नाल्यांच्या कडेनें बाभळी व बोरी, आणि शेताशेतांमधील गवताळ बांध, असें या खोऱ्याचें रूप आहे. तितरासारख्या पांखराला याहून अधिक कांहीं लागत नाहीं. दाणा आणि किडे शेतांत, लपण बांधावर, आणि रात्रीचा मुक्काम कांटेरी झुडपांत. पहाटे त्याची खणखणीत हांक कानीं पडते; दिवसा तें दिसेनासें होतें. पाठलाग झाला तर तें आधीं पळतें, आणि अगदीं पायाशीं आल्याखेरीज उडत नाहीं.

अशा मुलुखांत पांखरें धरण्याची विद्या ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जोपासली ते फासेपारधी. बारीक पण चिवट दोरीचे फासे ओळीनें मांडावयाचे. पिंजऱ्यांतला शिकविलेला तितर जवळ ठेवावयाचा. त्याची हांक ऐकून रानांतला नर आपल्या हद्दींत परका कोण आला म्हणून भांडावयास धांवतो आणि फाशांत पाय अडकवून घेतो. कांहीं पारधी शिकविलेल्या गाईच्या आडोशानें पांखरांच्या जवळ सरकत. अमेरिकन शिकारी मादीच्या आवाजानें नराला भुलवितो, पारधी प्रतिस्पर्ध्याच्या आवाजानें त्याला डिंवचतो. दोघांच्याही युक्तीचें मर्म एकच.

या युक्तीचें यश कशावर अवलंबून असतें? पहिली गोष्ट ऋतूची. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द राखतो, म्हणून हांकेला ओ देतो. एरव्हीं तो तिकडे लक्षही देत नाहीं. दुसरी गोष्ट गवताची. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढें झालें कीं पांखरें हाताशीं असून दिसत नाहींत; सुगी झाल्यावर शेतें मोकळीं होतात आणि पांखरें बांधाच्या चिंचोळ्या आश्रयास येतात. तिसरी गोष्ट पांखराच्या अनुभवाची. एकदां भ्यालेलें पांखरूं पुढें हांकेला सहसा फसत नाहीं. म्हणून एकाच जागीं रोज जाणाऱ्याचें यश दिवसेंदिवस घटतें. आणि शेवटची, सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रानांत मुळांत पांखरें किती आहेत ही. पहिल्या तिहींवर कौशल्यानें मात करतां येते. चौथीपुढें कौशल्याचा इलाज नाहीं.

फाशांच्या बाबतींत हिशेबाचें तें कोडें पुन्हां उभें राहतें. समजा, पारध्यानें साठ फासे मांडले आणि दोन तितर अडकले. फेरी यशस्वी झाली, असें आपण म्हणूं. फाशांच्या हिशेबानें मात तीस फाशांमागें एकच पांखरूं मिळालें, आणि घरीं खाणारीं तोंडें सहा असलीं तर तें यशही अर्धपोटीं. दुसऱ्या दिवशीं साठही फासे मोकळे राहिले तर चूल कशावर पेटावी? हौशी शिकाऱ्याची रिकामी फेरी विस्मरणांत जाते. पोटासाठीं पारध करणाराची रिकामी फेरी त्याच्या मुलांच्या चांगलीच स्मरणांत राहते.

निसर्गांतले शिकारी याहून फार भाग्यवान आहेत असें मात्र नाहीं. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञानें १९६३ ते १९६५ या काळांत मध्यप्रदेशांतील कान्हाच्या अरण्यांत वाघांचा अभ्यास केला. वाघाचे वीस प्रयत्न झाले तर एखादाच सफळ होतो, असा त्याचा अंदाज होता. उलट, पाण्याच्या कडेला भिरभिरणारा चतुर नांवाचा किडा भक्ष्यावर झेपावला तर शंभरांत नव्वदांहून अधिक वेळां तें पकडतो, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. वाघ चुकतो याचें एक कारण शास्त्रज्ञ असें देतात कीं, वाघ हरला तर त्याचें एक जेवण हुकतें, हरिण हरलें तर त्याचा जीव जातो; म्हणून पळणाराची तयारी धरणाराच्या तयारीहून एक पाऊल पुढें असते. वाघ पुष्कळदां चुकतो म्हणूनच हरणांचे कळप टिकतात आणि वाघालाही उद्यां पुन्हां भक्ष्य मिळतें.

हाच न्याय माणसाच्या शिकारीला लागूं होतो. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनीं महाराष्ट्रांतील शिकारी जमातींची पाहणी केली तेव्हां त्यांना आढळलें कीं, फाशांत सांपडलेलीं हरणाचीं पाडसें व गाभण माद्या सोडून द्याव्या, अशी फासेपारध्यांत चाल होती. हातीं आलेलें यश आपण होऊन सोडणें हें त्यांना परवडत असे, कारण तीच मादी पुढील वर्षाची शिदोरी. परंतु बंदूक, मोटार आणि झगझगीत दिवा हातीं आल्यावर शिकारीचें यश भराभर वाढलें आणि रानें ओस पडूं लागलीं. अमेरिकेंतही विसाव्या शतकाच्या आरंभीं बेसुमार शिकार व जंगलतोड यांनीं टर्की दुर्मिळ झाला होता. हंगाम बांधून आणि रिकाम्या रानांत पांखरें नेऊन सोडून तो पुन्हां साठ लाखांच्या वर नेण्यांत आला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक बंधनें घातलीं, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्यानें होणारी शिकारही बंद झाली. आज मोर, तितर वा लावा धरणें गुन्हा आहे, आणि तें योग्यच आहे.

मात्र या कायद्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाहीं. हौशी माणसाचा एक छंद गेला. पारध्याचें पोट गेलें. ब्रिटिश सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखालीं ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला त्यांत पारधीही आले. तो कायदा १९५२ मध्यें रद्द झाला, तरी लोकांच्या मनांतला शिक्का पुरता पुसला गेला नाहीं. पारध्याला सारें कांहीं सहज मिळतें, तो रानांत जाऊन फुकटचें आणतो, ही समजूत त्याच्या भरलेल्या फाशांकडे पाहून झाली. मोकळे फासे कोणी मोजले नाहींत. अकोला व वाशीम या भागांत ‘संवेदना’ या संस्थेबरोबर फासेपारधी मंडळी गवताळ रान राखण्याचें आणि तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्याचा ठाव घेण्याचें काम करीत आहेत. पांखरूं कोठें असेल हें सांगणारी जुनी विद्या तेथें त्याच्या रक्षणास लागली आहे.

श्रोतेहो, शिकार संपली तरी आपला मूळ हिशेब संपलेला नाहीं. तो आतां पक्षिनिरीक्षकांच्या हातीं आला आहे. २०२३ मध्यें भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं एक अहवाल निघाला. सुमारें तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवरून त्यांत ९४२ जातींचा विचार केला आहे. पद्धति हीच, कीं निरीक्षकांच्या शंभर फेऱ्यांपैकीं किती फेऱ्यांत अमुक पक्षी आढळला, आणि तें प्रमाण वर्षांनुवर्षें वाढतें कीं घटतें? त्यावरून मोरांची संख्या वाढल्याचें दिसतें. पण गवताळ व मोकळ्या माळांवर राहणारे अनेक पक्षी कमी होत चालले आहेत. हा निष्कर्ष निघूं शकला याचें श्रेय ज्यांनीं पक्षी दिसला नाहीं त्या फेऱ्याही प्रामाणिकपणें लिहून ठेविल्या त्यांना आहे. केवळ दिसलेल्या पक्ष्यांच्याच याद्या असत्या तर घट ध्यानांत येण्यापूर्वीं पक्षी नाहींसा झाला असता.

आपणांपैकीं कोणी सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन शहराबाहेरच्या माळावर जात असाल, तर त्यांच्या हातीं एक वही द्या. तारीख, वेळ, जागा आणि दिसलेलीं पांखरें त्यांना लिहूं द्या. तितराची हांक ऐकूं आली नाहीं तर तेंही लिहावयास सांगा. केदारखेड्यासारख्या गांवच्या शाळेंतील मुलांनाही हें काम करतां येण्यासारखें आहे, आणि शहरवासीयांहून चांगलें करतां येईल, कारण बांध त्यांच्या दाराशीं आहे. दहा वर्षांनीं या वह्या उघडल्या म्हणजे त्या बांधावर पांखरें टिकलीं कीं नाहीं, हें भरलेल्या आणि रिकाम्या फेऱ्या मिळून सांगतील.