लिलावाची बोली आणि खेळाडूची पारख

वऱ्हाडातील माणसाला लिलाव ही गोष्ट नवी नाही. १८८६ साली कारंज्याला कापसाची नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली, १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि गाडीतल्या कापसाची चिमूट हाती घेऊन, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणून त्याची लांबी व ताकद अजमावणारा पारखी आणि त्याच्या पाठोपाठ बोली बोलणारे व्यापारी हे दृश्य अमरावती-अकोल्याच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे झाले. पारखी सांगतो ती धाग्याची प्रत, आणि बोलीतून कळते ती त्या दिवशीची गरज. आवक वाढली की तोच धागा स्वस्त होतो, हे कोणत्याही कास्तकाराला समजावून सांगावे लागत नाही. परंतु इंडियन प्रीमियर लीगचा लिलाव दूरचित्रवाणीवर सुरू झाला म्हणजे हा भेद आपण सारेच विसरतो, आणि त्या विस्मरणातून जे गैरसमज रूढ झाले आहेत त्यांचा भार अखेर मैदानावर सराव करणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मनावर पडतो. म्हणून अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे या आपल्याच दोघा खेळाडूंच्या उदाहरणांनी त्यांचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

पहिला आणि सर्वांत दृढ गैरसमज असा की, बोलीचा आकडा म्हणजे गुणवत्तेचे मोजमाप. २४ व २५ नोव्हेंबर २०२४ रोजी जेद्दाह येथे झालेल्या लिलावात १८२ खेळाडूंवर ६३९ कोटी १५ लक्ष रुपये खर्च झाले. प्रत्येक संघाची तिजोरी १२० कोटींची, त्यातून आधीच कायम राखलेल्या खेळाडूंची रक्कम वजा झालेली, संघात अधिकाधिक २५ माणसे आणि त्यांत परदेशी ८ पर्यंतच, अशी सगळी चौकट नियमांनी आखलेली होती. अशा व्यवहारात एखाद्या यष्टिरक्षकाचे नाव कितव्या क्रमाला पुकारले गेले, त्या घटकेला किती संघांना यष्टिरक्षक हवा होता आणि कोणाच्या तिजोरीत किती शिल्लक होती, या तीन गोष्टींवर त्याची किंमत ठरते. त्याचे कौशल्य हे चौथे कारण. जितेशवर बंगळूरची बोली ७ कोटींवर स्थिरावली होती. तेव्हा त्याच्या जुन्या पंजाब संघाने, आपला खेळाडू त्याच किमतीला परत घेण्याचा जो हक्क त्या लिलावाच्या नियमाने दिला होता तो बजावण्याचे जाहीर केले. त्यावर बंगळूरला एकदाच बोली वाढविण्याची मुभा होती, ती घेऊन त्यांनी एकदम ११ कोटी म्हटले आणि पंजाबने हात आखडता घेतला. त्या अर्ध्या-एक मिनिटात जितेशच्या फलंदाजीत चार कोटींची भर पडली नव्हती. ते चार कोटी प्रतिस्पर्ध्याला मागे सारण्यासाठी मोजले गेले होते. हाच जितेश २०१६ साली मुंबईला १० लक्षांत आणि २०२२ साली पंजाबला २० लक्षांत मिळाला होता, ही नोंदही वाचकांनी जवळ ठेवावी.

दुसरा गैरसमज धावांच्या बेरजेचा. ज्याच्या नावावर धावा अधिक तो फलंदाज श्रेष्ठ, ही समजूत कसोटी किंवा रणजी सामन्यात पुष्कळशी खरी ठरते, परंतु वीस षटकांच्या खेळात ती दिशाभूल करते. सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाच्या वाट्याला चेंडूच थोडे येतात. २०२५ च्या हंगामात जितेशने १५ सामन्यांत २६१ धावा केल्या, त्याही शंभर चेंडूंमागे १७६ हून अधिक या गतीने. याचा अर्थ असा की संपूर्ण हंगामात मिळून त्याला दीडशेही चेंडू खेळावयास मिळाले नाहीत. इतक्या अल्प पुराव्यावर माणसाची किंमत ठरवावयाची असल्यामुळेच अनुभवी निवडकर्ते नुसत्या बेरजेला भुलत नाहीत. पहिल्या दहा चेंडूंत तो काय करतो, वेगवान गोलंदाजीवर आणि फिरकीवर त्याची गती किती भिन्न राहते, समोरचा गोलंदाज कोणत्या दर्जाचा होता, सीमारेषा किती अंतरावर होती, याची ते चेंडूगणिक छाननी करतात.

या संदर्भात १७ मे २०२३ चा धर्मशाळेचा सामना वऱ्हाडातील प्रत्येक क्रिकेट शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांपुढे मांडावा, असे मला मनापासून वाटते. दिल्लीच्या २१३ धावांचा पाठलाग करताना पंजाबकडून तायडेने ४२ चेंडूंत ५५ धावा केल्या होत्या. धावफलक पाहणाऱ्याला हे सुंदर अर्धशतकच दिसणार. परंतु आवश्यक गती प्रत्येक षटकागणिक वाढत चालली होती, आणि बाद न होताच त्याला तंबूत परत बोलावण्यात आले, म्हणजे नियमाच्या भाषेत तो ‘रिटायर्ड आउट’ झाला. त्याच्या जागी फलंदाजीस आला तो जितेश, आणि तो शून्यावर बाद झाला. पंजाब १५ धावांनी हरले. ज्या तायडेने १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्रिशतक केले, त्याच्या अंगी संयम आणि तंत्र यांची वाण आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. पण त्या सायंकाळी संघाला हवे असलेले काम निराळे होते. उलट ते काम ज्याच्याकडून अपेक्षित होते त्याच्या नावापुढे शून्य लागले, म्हणून त्याची निवड चुकली असेही सिद्ध होत नाही. एका डावाच्या आकड्याने दोघांविषयीही निर्णय देता येत नाही, आणि तरीही गावोगावी आपण नेमके तेच करीत असतो.

तिसरा गैरसमज शरीराच्या मोजमापांचा आणि एकदिवसीय चाचणीचा. ज्या अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शरीरसंपदेची उपासना चालविली, तेथे बळाचे आणि वेगाचे माहात्म्य कमी लेखण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु वेग हा खेळ नव्हे, याचा सर्वांत बोलका पुरावा सातासमुद्रापलीकडे आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड बोली लावून नव्हे, तर पाळीपाळीने करतात. तेथे ‘वाइड रिसीव्हर’ नावाचा जो गडी मैदानाच्या कडेने धावत जाऊन दूरवरून फेकलेला चेंडू झेलतो, त्याची ४० यार्ड धावण्याची वेळ सेकंदाच्या शतांश भागापर्यंत मोजली जाते. २०१७ साली जॉन रॉस याने ते अंतर ४.२२ सेकंदांत कापून तत्कालीन विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले. ती अपेक्षा त्याच्या कारकिर्दीत फळाला आली नाही. याच्या उलट, त्या शर्यतीत मंद ठरलेला अँक्वान बोल्डिन २००३ साली चोपन्नावा निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने १०१ झेल घेतले. २०२३ साली पुका नाकुआ याची पाळी तर १७७ व्या क्रमांकावर आली, आणि त्याने पदार्पणाच्या वर्षी १०५ झेल व १,४८६ यार्ड असे नवोदित खेळाडूंसाठीचे दोन्ही तत्कालीन विक्रम आपल्या नावे केले. पाठलाग करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापासून कोणत्या क्षणी वळून सुटावयाचे आणि अंगावर माणूस आदळत असता चेंडू कसा धरावयाचा, या गोष्टी घड्याळाला दिसत नाहीत. शिवाय रिसीव्हरच्या हाती किती चेंडू यावेत हे चेंडू फेकणाऱ्याच्या वकुबावरही अवलंबून असते, जसे आपल्याकडे फलंदाजाचे आकडे त्याला मिळालेल्या क्रमांकावर आणि खेळपट्टीवर अवलंबून असतात. जाळ्यातील सरावात दोन दिवस मारलेले उत्तुंग षटकार पाहून हुरळून जाणाऱ्या पालकांनी हे ध्यानी धरावे. जाळ्यात क्षेत्ररक्षक नसतात आणि धावफलकही नसतो.

लहान गावच्या मुलाकडे कोणी पाहत नाही, ही तक्रार पूर्वी खरी होती. आता तिच्यात फारसे तथ्य उरलेले नाही. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला, आणि त्यांतील पहिल्या विजयाच्या वेळी इंदूरच्या अंतिम सामन्यातच अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथमश्रेणी पदार्पण केले. राज्य संघांच्या वीस षटकी सामन्यांचे चित्रण आणि चेंडूगणिक नोंद संघांच्या दप्तरी जमा होत असते, आणि २०२५ पासून नागपुरात विदर्भाची स्वतःची प्रो टी-२० लीगही भरू लागली आहे. पारख्याने अकोल्याची गाडी पकडण्यापेक्षा मुलाने विदर्भाच्या संघापर्यंत पोहोचणे, हाच आजचा राजमार्ग होय.

शेवटचा गैरसमज सर्वांत निष्ठुर, आणि तो दूर व्हावा अशी माझी आंतरिक इच्छा आहे: लिलावात ज्याला कोणी घेतले नाही किंवा घेऊन खेळविले नाही, त्याचा खेळ संपला. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत जितेशने ३४३ धावा केल्या, त्या बळावर मुंबईने त्याला घेतले, आणि दोन हंगामांत एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे २०२१ पर्यंत कोणत्याही संघाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. त्या अवधीत, पूर्वी सलामीला येणाऱ्या या फलंदाजाने अखेरच्या षटकांत येऊन पहिल्या काही चेंडूंतच प्रहार करण्याचे निराळे काम आत्मसात केले, आणि ज्या कामाची माणसे दुर्मीळ असतात असे ते काम होते. ३ एप्रिल २०२२ रोजी त्याचे पदार्पण झाले तेव्हा तो २८ वर्षांचा होता, आणि भारताकडून तो पहिला सामना ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत खेळला. २७ मे २०२५ रोजी लखनौला २२८ धावांचे लक्ष्य समोर असता आणि १२३ धावांत चार गडी गेले असता बंगळूरचा त्या दिवशीचा कर्णधार म्हणून तो मैदानात उतरला, ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून आठ चेंडू राखून सामना जिंकून परतला. आणि ३ जून रोजी अहमदाबादला बंगळूरने आपले पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा यष्टींमागे अमरावतीचा हाच गडी उभा होता.