हाकेच्या अंतरावरील शाळा

ज्या घरांत पांच-सहा वर्षांचें मूल आहे, त्या घरांत होळी झाली कीं एक वाद हटकून सुरू होतो. मुलाला शाळेंत घालावयाचें, पण कोणत्या? आमच्या घरीं यंदा तो माझ्या धाकट्या नातवाच्या निमित्तानें निघाला आणि पुढचे पंधरा दिवस रात्रीचें एकहि जेवण त्यावांचून झालें नाहीं. घर भरलेलें, आम्ही दोघे बंधु, आमच्या मंडळी, मुलगे, सुना, नातवंडें. मतांना तोटा नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला नगरपरिषदेची प्राथमिक शाळा आहे. थोरले बंधु आणि मी, दोघेहि तेथेंच शिकलों. आमचीं मुलें मात्र तेथें गेलीं नाहींत आणि नातवंडांनीं जावें अशी कल्पनाहि कोणाच्या मनांत आली नव्हती. ती काढली माझ्या धाकट्या सुनेनें. गांवाबाहेरच्या इंग्रजी शाळेची गाडी सकाळीं पावणेसातला येते, मुलाला तींत पाऊण तास हिंदकळत जावें लागतें, आणि समोर शाळा असतां हा खटाटोप कशासाठीं, एवढाच तिचा प्रश्न होता. "मामंजी, तुम्ही त्याच शाळेंत शिकलांत ना?" असें तिनें विचारलें तेव्हां मला उत्तर सुचेना.

दादांना सुचलें. "आमच्या वेळची शाळा निराळी होती," ते म्हणाले. "गुरुजींनीं पाढे असे घोटून घेतले कीं अजून कोठें अडत नाहीं."

ही 'आमच्या वेळची शाळा' आपल्या बहुतेक घरांत देवघरांतल्या मूर्तीप्रमाणें पूज्य आहे. परंतु ती कोणासाठीं चांगली होती, हें आपण सोयीनें विसरतों. सातारच्या सरकारी शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं डॉ. आंबेडकरांचें नांव दाखल झालें. महाराष्ट्रांत तो दिवस आतां विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण त्या मुलाला वर्गांत इतरांपासून वेगळें, गोणपाटावर बसावें लागे. आमच्या शाळेंत गोणपाट नव्हतें. तरीहि पाण्याच्या पिंपाला कोणी हात लावावा आणि कोणी लावूं नये, हें सर्व मुलांना न सांगतां ठाऊक होतें. मीं ही आठवण काढली तेव्हां दादा गप्प बसले. पण त्यांचें मत कांहीं बदललें नाहीं.

खरें म्हणजे या शाळा व्हाव्यात म्हणून आपल्याकडच्याच माणसांनीं जिवाचें रान केलें. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं प्राथमिक शिक्षणाचें विधेयक कायदेमंडळांत मांडलें. पुढच्या वर्षीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ पासून शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. १९६४ ते ६६ या काळांतील कोठारी आयोगानें तर, वस्तींतल्या सर्व थरांतील मुलांनीं वस्तींतल्याच शाळेंत जावें, असें सुचविलें. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचेच. आपण सुशिक्षितांनीं या विचाराची वाहवा केली आणि आपलीं मुलें दुसरीकडे नेलीं.

इंग्रजीचा मुद्दा माझ्या मुलानें काढला. पुष्कळ नगरपरिषदांच्या व जिल्हा परिषदांच्या शाळांतून हल्लीं गणित व विज्ञान इंग्रजींत शिकवितात, हें कळल्यावर तो मुद्दा लवकरच थंडावला. खरा घोर थोरल्या सूनबाईंना होता, आणि तो मुलाच्या जिवाचा होता. २५ जुलै २०२५ रोजीं राजस्थानांतील झालावाड जिल्ह्यांत, पिपलोदी गांवच्या सरकारी शाळेचें छत सकाळच्या वेळीं मुलांवर कोसळलें आणि सात मुलें गेलीं. "तें वाचल्यापासून त्या शाळेकडे पाहिलें तरी माझ्या पोटांत गोळा येतो," असें त्या म्हणाल्या. या बोलण्यावर हंसण्याचें कोणाला धैर्य झालें नाहीं.

धाकटीनें उत्तर दिलें तें असें: १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम येथें स्वयंपाकाच्या जागीं लागलेली आग गवती छपराला पोंचली आणि ९४ मुलें जळून मेलीं. ती शाळा खाजगी व्यवस्थापनाची होती. २०२४ च्या ऑगस्टमध्यें बदलापुरांत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस येऊन सारा महाराष्ट्र हादरला. तीहि शाळा सरकारी नव्हती. फी भरली म्हणजे धोका फाटकाबाहेर राहतो, असें कोणीं सांगितलें? कुंभकोणमच्या दुर्घटनेवरून झालेल्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं स्पष्ट म्हटलें कीं, शिक्षणाच्या हक्कांतच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. तेव्हां पाटी कोणाची हें न पाहतां छप्पर, जिना, दारें आणि माणसें पाहावीं. दोघींचेंहि म्हणणें मला पटत होतें, आणि हाच पेंच होता.

अखेर मी आणि धाकटी सून आगाऊ न कळवितां एके दिवशीं शाळेंत गेलों. पटावर अठ्ठावन्न मुलें, चार इयत्ता, दोन शिक्षक. त्यांतले एक मतदारयाद्यांच्या कामाला गेलेले. त्यामुळें मुख्याध्यापिकाबाई चारहि इयत्ता एकट्या सांभाळीत होत्या. निवडणूक, जनगणना आणि आपत्ति यांसाठीं शिक्षकांना नेण्याची मुभा कायद्यानेंच ठेवली आहे. पण त्या दिवशीं वर्गाचें काय होतें, हें त्या ओटीवर बसलें म्हणजे समजतें. तिसरींतल्या एका मुलीनें धडा इतका स्वच्छ वाचला कीं मी थक्क झालों. चौथींतल्या एका मुलाला हातच्याची वजाबाकी येईना. खिचडी शिजत होती ती खोली वर्गांपासून वेगळी होती, हें पाहून बरें वाटलें. दुसऱ्या वर्गाच्या छपराचा एक वासा मात्र वाळवीनें पोखरला होता. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आंतून कडी नव्हती. एक मुलगी आंत गेली कीं दुसरी दाराला पाठ लावून उभी राही. त्यांना त्याची इतकी संवय झाली होती कीं, आम्ही पाहतों आहों याचेंहि त्यांना कांहीं वाटलें नाहीं.

बाईंनीं कांहीं लपविलें नाहीं. त्यांनीं शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ताची वही पुढें केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें अशी समिती प्रत्येक सरकारी शाळेंत असावी लागते. तींत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. विनाअनुदानित खाजगी शाळांवर ही सक्ती नाहीं. म्हणजे ज्या शाळेंत पालकाला कायद्यानें खुर्ची मिळते, ती आपण सोडली. आणि जेथें मिळत नाहीं, तेथें आपण फाटकाशीं उभे राहतों! वहींत लागोपाठ तीन सभांच्या नोंदींत एकच वाक्य होतें: मुलींच्या स्वच्छतागृहास कडी बसविणें. प्रत्येक वेळीं सूचना मांडणारीचें नांव एकच. आमच्याच गल्लींत दोन घरीं धुणींभांडीं करणारी ती बाई. त्यांतलें एक घर माझ्या बंधूंच्या व्याह्यांचें. ती समितींत आहे हें आम्हांपैकीं कोणालाच ठाऊक नव्हतें. सभेच्या दिवशीं एका घरचें काम बुडवून ती येत असे.

मीं त्याच दुपारीं नगरपरिषदेंत अर्ज नेऊन दिला. मुख्याधिकाऱ्यांच्या कचेरींतले कारकून ओळखीचे निघाले. त्यांनीं चहा पाजला. चौथ्या दिवशीं सुतार येऊन कडी बसवून गेला. तिच्या तीन नोंदींना जें साधलें नाहीं, तें माझ्या एका कागदाला साधलें, याचा मला आनंद झाला नाहीं. ज्यांना अर्ज लिहितां येतो, ज्यांना कचेरींत खुर्ची मिळते, त्यांचीं मुलें त्या शाळेंत नाहींत; आणि जिचीं आहेत तिला चहा कोण पाजणार?

घरीं हें सर्व सांगितलें. दादा म्हणाले, "कडी बसली, आतां शिक्षक कोठून आणणार?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचें उत्तर आमच्याजवळ नाहीं. थोरल्या सूनबाईंनीं वाशाचा मुद्दा धरून ठेवला. "तो बदलल्यावांचून बाळ त्या खोलींत बसणार नाहीं," त्यांनीं बजावलें. त्यावर धाकटी इतकेंच म्हणाली, "वहिनी, मग त्या अठ्ठावन्न मुलांनीं बसावें का?"

त्या रात्रीं पानें वाढलेलीं तशींच कांहीं वेळ राहिलीं. दुसऱ्या दिवशीं वाशाचा अर्ज गेला. त्यावर पहिली सही त्या बाईंची आहे, आणि तिच्याखालीं आमच्या दोघी सुनांच्या.