यकृताचा कर्करोग: ऑपरेशनआधी किमो की रेडिएशन?

यकृतात गाठ सापडली की घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, काढून कधी टाकणार? डॉक्टर म्हणतात, आधी ‘टेस’ करू, नाहीतर ‘वाय-नाइन्टी’, मग ऑपरेशनचं बघू. आपल्या माणसाला ताटकळत ठेवलंय असं वाटून घरचे हवालदिल होतात. पण कित्येकांच्या बाबतीत ऑपरेशनचा रस्ता याच उपचारांनी मोकळा होतो, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवेत.

यकृताच्या मूळच्या कर्करोगात बहुतेकांचं यकृत आधीच सिरोसिसने निबर झालेलं असतं. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, फॅटी लिव्हर ही त्याची नेहमीची कारणं. निरोगी यकृताचा पाचवा हिस्सा मागे राहिला तरी माणूस सावरू शकतो. सिरोसिस असेल तर सर्जनना साधारण 40 टक्के शिल्लक हवं असतं. प्रत्यारोपण करायचं तरी गाठीच्या आकाराला मर्यादा आहे. 1996 साली मिलानच्या मात्साफेरो यांनी घालून दिलेला निकष आजही पायाभूत मानतात: एकच गाठ असेल तर 5 सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येकी 3 सेंटिमीटरच्या आत. अवयवाची वाट पाहताना गाठ याबाहेर वाढली तर यादीतलं नाव धोक्यात येतं.

दोन्ही उपचार एकाच शारीरिक वैशिष्ट्यावर उभे आहेत. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ पूर्णपणे यकृताच्या धमनीवर पोसली जाते. म्हणून जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गाठीच्या धमनीपर्यंत पोचलं की औषध नेमकं गाठीवर सोडता येतं आणि बाकीचं यकृत बरंचसं वाचतं.

टेसमध्ये डॉक्सोरुबिसिन हे किमोचं लाल औषध आणि लिपिओडॉल हे तेल दोन सिरिंजांमधून इकडून तिकडे पुन्हा पुन्हा ढकलून घुसळतात. तयार झालेलं दाट मिश्रण गाठीत सोडायचं आणि मागून धमनी बंद करायची. औषध आत कोंडतं, गाठीची रसद तुटते. सलाइनमधून देतात त्या किमोशी याची गल्लत करू नये. केस जाण्याची भीती इथे फारशी नसते. पुढचे काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ असते, आणि गरज पडली तर टेस पुन्हा करता येतं.

वाय-नाइन्टीत गाठीत जातात ते किरणोत्सारी यट्रियम-90 असलेले काचेचे किंवा रेझिनचे गोळे. काचेचा गोळा 20 ते 30 मायक्रॉनचा, केसाहूनही बारीक. एका मात्रेत ते लाखोंनी असतात. ते धमनी फारशी तुंबवत नाहीत, आणि त्याचा फायदाच होतो, कारण रेडिएशनला काम करायला गाठीत प्राणवायू लागतो. किरणांचा मारा सरासरी अडीच मिलिमीटरपर्यंत पोचतो. यट्रियमची शक्ती दर 64 तासांनी निम्मी होते, म्हणून गोळे सोडण्याची वेळ मात्रेच्या तारखेशी बांधलेली असते. त्याआधी एक रंगीत तालीमही होते: टेक्निशियम लावलेले प्रथिनांचे कण सोडून स्कॅनमध्ये पाहतात, गोळे फुफ्फुसात किंवा जठराकडे तर जाणार नाहीत ना.

मग सरस कोण? गाठ रोखून धरण्यात रेडिएशनचं पारडं जड आहे. शिकागोच्या प्रीमिअर चाचणीत (2016) टेसनंतर गाठ पुन्हा वाढायला मध्यकानुसार 6.8 महिने लागले, वाय-नाइन्टीनंतर 26 महिन्यांहून जास्त. पण रुग्ण फक्त 45 होते आणि आयुर्मानात फरक दिसला नाही. सिरोसिसच्या रुग्णाला गाठीइतकाच थकलेल्या यकृताचाही धोका असतो, हे इथे विसरता येत नाही. बेल्जियममधल्या ट्रेस चाचणीत (2022) औषध भरलेल्या मण्यांच्या टेसपेक्षा रेडिएशन घेतलेले रुग्ण जास्त जगले, 15.6 महिन्यांविरुद्ध 30.2, तिथेही रुग्ण 72 च होते. एवढ्यावर टेसला मोडीत काढणं मला पटत नाही.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने रेडिएशनची एक बाजू मला विशेष मोलाची वाटते. यकृताच्या एका भागावर ते दिलं की काही महिन्यांत तो भाग आकसतो आणि दुसरा वाढू लागतो. म्हणजे गाठ दबते आणि मागे राहणारं यकृतही मोठं होतं. टेसने हे सहसा साधत नाही. मात्र यकृत थकल्याची खूण असलेलं रक्तातलं बिलिरुबिन वाढलेलं असेल तर रेडिएशनने यकृत आणखी खचू शकतं.

आपल्याकडे खर्चाचा मुद्दा टाळता येत नाही. आयात केलेल्या वाय-नाइन्टीचं बिल कित्येक लाखांत जातं. टेस त्याहून खूप स्वस्त आणि जास्त रुग्णालयांत होतं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने काचेचे देशी गोळे तयार केले आहेत, ही महाराष्ट्रातल्या रुग्णांसाठी खरोखर मोठी गोष्ट आहे. शिवाय भारतात यकृत बहुतेकदा घरातलाच कुणी देतो. दाता तयार असेल आणि गाठ निकषात बसत असेल, तर महिनोन् महिने गाठ रोखून धरायची गरजच कमी होते; तिथे टेस पुरू शकतं, कधी थेट प्रत्यारोपणही होतं. मृत दात्याच्या यादीत नाव असेल, किंवा शिल्लक राहणारं यकृत अपुरं असेल, तर रेडिएशनचा विचार आग्रहाने करायला सांगावं. घरच्यांनी डॉक्टरांना हेच विचारावं: ऑपरेशनला किती वेळ आहे, किती यकृत उरणार आहे, आणि आजचं बिलिरुबिन किती?