एका प्रकाशकणातून दोन जोड्या

रायपूरच्या मे महिन्यात छतावरच्या सौर पॅनेलला हात लावला की चटका बसतो. त्यातली काही उष्णता टाळता येण्याजोगी आहे. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. निळा प्रकाशकण (फोटॉन) अडीचहून जास्त घेऊन येतो. उरलेली ऊर्जा तापण्यात जाते. शेजारच्या राजनांदगावात २०२४ मध्ये बॅटरीसह उभा राहिलेला १०० मेगावॅटचा प्रकल्पही याला अपवाद नाही.

त्या जादा ऊर्जेतून दुसरा इलेक्ट्रॉन उठवता येईल का? उठलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली धन पोकळी एकमेकांना धरून असतात. त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात एका कार्बन नळीच्या डायोडमध्ये एका प्रकाशकणातून अनेक जोड्या निघत असल्याचे दिसले. संगणकावर हे कसे तपासतात, ते आपण पाहू.

आधी नळी निवडायची. अणूएवढ्या जाडीची कार्बनची जाळी कशी गुंडाळली आहे, हे दोन आकडे सांगतात. त्यांच्या फरकाला ३ ने भाग गेला तर नळी धातूसारखी किंवा जवळपास तशी, ती सोडावी. (६,५) नळीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा ३६४ अणूंचा आहे, (१०,५) चा १४० चा. शिकणाऱ्याने दुसरीपासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

मग अणूंच्या जागा स्थिर करून घनता-फलन सिद्धांताने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या दाटीवरून, ऊर्जापातळ्या काढतात. इथे हमखास एक चूक होते. प्रोग्रॅम नळीच्या प्रती चहूकडे मांडतो; भोवती पुरेशी मोकळी जागा सोडली नाही, तर शेजारच्या प्रती एकमेकींवर परिणाम करतात.

या पद्धतीत ऊर्जा-अंतर (बँडगॅप) कमी येते. म्हणून पुढे दोन दुरुस्त्या. इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेची दुरुस्ती अंतर वाढवते. इलेक्ट्रॉन-पोकळीचे आकर्षण जोडीची ऊर्जा खाली आणते. बारीक नळीत ते आकर्षण फार जोरदार असते. एकच दुरुस्ती केली, तर उत्तर मूळ आकड्याहूनही बिघडू शकते.

आता उंबरठा. दोन जोड्यांसाठी निदान दुप्पट ऊर्जा हवी. (६,५) च्या जोडीला सुमारे १.२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे २.५ च्या पुढचा निळसर प्रकाशच उपयोगी. (१०,५) ला जवळपास १; तिथे नारिंगी प्रकाशही चालतो. सौरऊर्जेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. मात्र अंतर कमी झाले की मिळणारा व्होल्टेजही उतरतो.

सर्वांत नाजूक टप्पा वेगांचा. तापलेली जोडी दुसरी जोडी आधी निर्माण करते, की अणूंना हलवून थंड होते? दोन्ही वेग मोजूनच सरासरी किती जोड्या मिळतील, ते ठरते. अणूंची कंपने वगळली की आकडे भुलवणारे येतात. उलटा प्रवासही धरावा लागतो: जवळच्या दोन जोड्या भिडल्या की एक नष्ट होते, आणि नळीत हे फार चटकन घडते.

जोड्या तुटून वीज तारेपर्यंत किती पोचते, हे या गणितात येत नाही. त्यासाठी विद्युतक्षेत्र धरून वेगळे मॉडेल बांधावे लागते.