खानदेशाची सीमा व इतिहासलेखन

प्रांताचा इतिहास लिहिताना त्याची आजची सीमा गृहीत धरण्याचा मोह आवरत नाही. जळगावनजीकच्या असोद्याचेच उदाहरण घ्यावे. बहिणाबाई चौधरी तेथे १८८० मध्ये जन्मल्या, तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा असून धुळे हे त्याचे मुख्य ठाणे होते. १९०६ मध्ये त्याचे दोन भाग झाले. १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्या त्या पूर्व खानदेशात.

याहून जुना पेच बऱ्हाणपूरचा आहे. फारुकी घराण्याची सत्ता मलिक राजाने १३८२ मध्ये थाळनेरास उभारली खरी. परंतु तिचे वैभव बऱ्हाणपूरचे. १६०१ मध्ये असीरगड जिंकल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावे या मुलखास ‘दानदेश’ म्हटले, ते लोकांच्या तोंडी रुळले नाही. ब्रिटिश अमदानीत मात्र बऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेले व आज ते मध्य प्रदेशात आहे. म्हणजे खानदेशची राजधानीच खानदेशाबाहेर!

अमेरिकेतील मेन हे राज्य १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचा भाग होते. त्याचा पूर्वेतिहास बोस्टनमधील दप्तरांवाचून लिहिता येत नाही. केवळ जळगाव-धुळ्याची दप्तरे चाळून फारुकी काळावर प्रबंध लिहू पाहणाऱ्यानेही प्रथम बऱ्हाणपूरची वाट धरावी.