निकाहाची तारीख आणि एम.ए.चे नियम

शिराळा तालुक्यातली मुलगी बी.ए. झाली आणि पुढे एम.ए. करायचे म्हणाली, की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. कॉलेज किती लांब? आणि संध्याकाळची एस.टी. किती वाजता? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कराड असो, सांगली असो की कोल्हापूर, मुलीचा रोजचा प्रवास सोपा नसतो. पण तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. या पदवीचे नियम काय आहेत? मध्येच निकाह ठरला, सासर दुसऱ्या जिल्ह्यात मिळाले, बाळंतपण आले, तर नियम काय सांगतात?

हा प्रश्न न विचारल्यामुळे अनेक मुलींचे एम.ए. अर्धवट राहते. मुलगी हुशार असते, सासरची माणसेही वाईट नसतात. पण “निकाह झाला, आता शिक्षण संपले” असे सगळेच धरून चालतात. विद्यापीठाच्या नियमात असे कुठेही लिहिलेले नाही. म्हणून मराठी, उर्दू, इतिहास, समाजशास्त्र असा कोणताही विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या आपल्या मुलींच्या घरच्यांसाठी हे नियम सोप्या शब्दांत मांडत आहे.

८८ श्रेयांकांचा हिशेब

कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून एम.ए.ची रचना बदलली. तीन वर्षांच्या पदवीनंतरचे एम.ए. दोन वर्षांचे, म्हणजे चार सत्रांचे आहे. प्रत्येक सत्राला २२ आणि एकूण ८८ श्रेयांक. श्रेयांक म्हणजे क्रेडिट. तासिकेच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचे अध्यापन. मुख्य विषयाबरोबर पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प आणि दुसऱ्या वर्षी शोधप्रकल्प असतो. तेव्हा “परीक्षेपुरती जाऊन येईल” हा जुना समज आता सोडला पाहिजे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वर्षभराच्या कामावर मिळतात. हजेरीही साधारण ७५ टक्के लागते.

पहिले वर्ष वाया जात नाही

पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण करून थांबावे लागले, तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. पुढे परत येऊन दुसरे वर्ष पूर्ण करण्याची वाटही ठेवलेली आहे. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या सरकारी खात्यात जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार ते जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. आयुष्यात सात वर्षे थोडी नसतात. एक बाळ शाळेत जाऊ लागते तेवढा हा काळ आहे. मात्र तो संपतोही, म्हणून “बघू पुढे” म्हणताना साल लिहून ठेवावे.

आपल्या इतिहासात ही गोष्ट अनोळखी नाही. पूर्वी तालिबे-इल्म एका उस्तादाकडे एक किताब पुरी करी आणि त्या किताबीची इजाजत घेऊन दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या उस्तादाकडे जाई. शिकलेले सोबत जात असे. श्रेयांकाची कल्पना त्याच्या जवळची आहे.

एखादा विषय राहिला तर तोही शिक्षणाचा शेवट नाही. एटीकेटीच्या नियमात बसत असेल तर पुढच्या सत्रात जाऊन राहिलेला विषय पुन्हा देता येतो. मुलगी एका पेपरात नापास झाली की लगेच स्थळे बघायला सुरुवात करणाऱ्या घरांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

सासर कोणत्या विद्यापीठात?

स्थळ बघताना आपण मुलाची नोकरी, घर, दीन बघतो. त्यात आणखी एक बाब जोडावी. सासर कराड, मिरज किंवा इचलकरंजीचे असेल तर विद्यापीठ तेच राहते आणि प्रश्न फक्त कॉलेज बदलण्याचा असतो. सासर पुण्या-मुंबईचे असेल तर विद्यापीठ बदलते. मग स्थलांतर प्रमाणपत्र, विषय जुळणे आणि तिथे जागा असणे या तिन्ही गोष्टी लागतात. श्रेयांक खात्यात असले तरी ते कसे धरायचे हे नवे विद्यापीठ ठरवते. अशा वेळी रुखसती दोन-तीन महिने पुढे घेऊन सत्र पूर्ण करणे पुष्कळदा सोयीचे पडते. हॉल ठरवण्याआधी परीक्षेचे वेळापत्रक बघा. हॉल दुसऱ्या तारखेला मिळू शकतो, हुकलेल्या पेपरासाठी मात्र पुढच्या परीक्षेची वाट बघावी लागते.

दुसरी बाब नावाची. निकाहानंतर घाईने आधार कार्डावर नाव बदलले जाते आणि मग गुणपत्रक, पीआरएन आणि श्रेयांकांचे खाते यांतली नावे जुळेनाशी होतात. इस्लामने स्त्रीला पतीचे नाव लावण्याची सक्ती केलेली नाही. ती आपल्या वडिलांच्या नावानेच ओळखली जाते. तेव्हा निदान पदवी हाती येईपर्यंत नाव आहे तसे ठेवावे.

बाळंतपण आणि हजेरी

आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व विद्यापीठांना कळवले आहे की पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे नियम करावेत, हजेरीत आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीत सवलत द्यावी. ही सवलत आपोआप मिळत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यासह विभागप्रमुखांकडे वेळेत लेखी अर्ज करावा आणि पोहोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कागदावर राहत नाही.

रोज जाणे खरोखरच अशक्य असेल, तर दूरशिक्षण आहे. शिवाजी विद्यापीठाचे स्वतःचे दूरशिक्षण केंद्र आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू आणि उर्दूतून शिकणाऱ्यांसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठही आहे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी मान्यता असेल, तर ही पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. ती मान्यता बघूनच फी भरावी.

५५ टक्क्यांचे मोल

नुसते पास होणे आणि ५५ टक्क्यांनी पास होणे यांत फार अंतर आहे. नेट आणि सेट या परीक्षांना, तसेच दोन वर्षांच्या एम.ए.नंतर पीएच.डी.ला बसण्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात. नॉन-क्रिमिलेअर ओबीसींना ५० टक्के चालतात. अल्पसंख्याक म्हणून अशी सूट नाही. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा ओबीसी यादीतल्या बिरादरींनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. मुस्लिमांसह अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. त्यामुळे आता नेटमधून मिळणाऱ्या फेलोशिपवरच अधिक भिस्त आहे आणि तिथे गुण कामी येतात.

बोलणी होतानाच बोला

निकाह हा करार आहे. दोन्ही बाजूंनी कबूल केलेल्या रास्त अटी पाळण्यावर दीनचा भर आहे. मग मेहेर ठरवताना “मुलगी एम.ए. पूर्ण करील” हेही बोलून घ्यायला संकोच कसला? काझीसाहेबांचा सल्ला घेऊन ते निकाहनाम्यात लिहावे. फी कोण भरणार, परीक्षेच्या दिवसांत ती माहेरी राहणार की सासरी, हेही तेव्हाच ठरवावे. बहुतेक सासरे नकार देत नाहीत. त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

अब्बांनी आणि भावांनी एक काम करावे. प्रवेशाच्या दिवशी फी भरून तिथूनच परतू नये. नियमपुस्तिका मागून घ्यावी, हजेरी, एटीकेटी, बाहेर पडण्याची आणि परत येण्याची कलमे मुलीसोबत बसून वाचावीत. अम्मींनी परीक्षेचे महिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत. आपली पहिली वहीच मुळी वाचण्याच्या आज्ञेने सुरू झाली. मुलीच्या शिक्षणाचे नियम वाचणे हाही त्या आज्ञेचाच एक लहानसा भाग समजावा.